कामाच्या जागी समता : सांगितलेल्या कारणांची तपासणी



शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली की तुमच्यापैकी बहुतेकजण नोकरीच्या खटपटीला लागाल. कुणी बँकेत जाईल, कुणी शाळेत, कुणी कारखान्यात, कुणी सरकारी कचेरीत. आज तुम्ही मुलाखत देणाऱ्याच्या खुर्चीवर बसाल. दहा-पंधरा वर्षांनी तुमच्यापैकी काहीजण मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीवर बसतील. हा लेख या दोन्ही खुर्च्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

"मला समता मान्य नाही" असे उघडपणे म्हणणारा मनुष्य मला आजवर क्वचितच भेटला. सर्वांना समता मान्यच असते. फक्त त्या मान्यतेच्या शेवटी एक 'पण' असतो. समता मान्य आहे, पण या कामाचे स्वरूप वेगळे आहे. समता मान्य आहे, पण गिऱ्हाईक ऐकणार नाही. समता मान्य आहे, पण बाकीच्या कामगारांना चालणार नाही. म्हणजे विषमता कामाच्या ठिकाणी स्वतःच्या नावाने कधी येत नाही. ती 'कामाचे कारण' म्हणून येते. म्हणूनच समतेची थोरवी गाण्यापेक्षा ही कारणे तपासावयास शिकणे अधिक उपयोगाचे, असे मला वाटते.

त्यासाठी मी तीन प्रश्न सुचवितो. पहिला : सांगितलेले कारण खरोखर त्या कामातून निघते, की केवळ सवयीतून आणि समजुतीतून? दुसरा : ते कामातून निघत असले, तरी हत्यार, वेळ किंवा मांडणी बदलून ते दूर करता येईल काय? तिसरा : तसे करण्यास खर्च येत असेल तर तो कोणी सोसावा, आणि आज तो कोण सोसतो आहे? आता काही प्रत्यक्ष उदाहरणे या प्रश्नांवर घासून पाहू.

१. धोटा आणि तोंडाने ओढलेला धागा

मुंबईच्या कापड गिरण्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारो अस्पृश्य कामगार होते. सूत काढण्याच्या खात्यात त्यांना काम मिळे. पण विणकामाच्या खात्यात, ज्याला गिरणगावात साळखाते म्हणत, त्यांना प्रवेश नव्हता. आणि मजुरी तर विणकरांची चांगली. हा मज्जाव कोणत्याही कायद्याने किंवा मालकाच्या लेखी हुकमाने घातलेला नव्हता. त्याचे कारण 'कामाचे' होते.

ते कारण असे. मागावरच्या धोट्यातील कांडीचे सूत संपले की विणकर नवी कांडी बसवी आणि तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्राशी तोंड लावून, श्वासाने ओढून बाहेर काढी. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे. आणि म्हणून साळखात्याचे दार बंद.

आपला पहिला प्रश्न येथे विचारा. कापड विणण्यासाठी विणकराची जात माहीत असावी लागते काय? नाही. दुसरा प्रश्न विचारा. धागा तोंडानेच ओढला पाहिजे काय? तेही नाही, हाताने ओवता येईल असे धोटे निघालेले होते. तोंडाने धागा ओढण्याची ही रीत मुळात विणकरांच्या आरोग्यालाच घातक होती. सुताचे तंतू आणि रोगजंतू तोंडात जात. याच कारणासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये तिच्यावर बंदी घातली. म्हणजे जे हत्यार बदलल्याने अस्पृश्यांना दार उघडले असते, तेच बदलल्याने सवर्ण विणकराचेही फुप्फुस वाचले असते. विषमता टिकविण्यासाठी माणसे स्वतःचे नुकसानही आनंदाने सोसतात, हा या उदाहरणाचा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक कडू आहे. १९२८ च्या प्रचंड गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि साळखात्यात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा ही गोष्ट कामगारांच्या मागण्यांत घालावी, असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ते मान्य केले, पण नाखुषीने. मालकाकडे न्याय मागणारा कामगार शेजारच्या कामगाराला न्याय देण्यास तयार नव्हता. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बोलताना बाबासाहेबांनी असेच आणखी एक उदाहरण दिले. अस्पृश्य कामगार रेल्वेत गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. त्याला साधा पोर्टरही होता येत नाही. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरला आपल्या घरकामाला लावतो, आणि घरात अस्पृश्य चालत नाही! येथे तर सांगितलेले कारण रेल्वेच्या कामाचे नव्हतेच. ते साहेबांच्या स्वयंपाकघराचे होते.

२. कोल्हापूर आणि म्हैसूर

आपल्या या सीमाभागाच्या एका बाजूस कोल्हापूर आणि दुसऱ्या बाजूस जुने म्हैसूर संस्थान. नोकरीतील समतेचा प्रश्न या दोन्ही ठिकाणी स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी हाताळला गेला. दोन भाषांत निघणाऱ्या आपल्या नियतकालिकाच्या वाचकांनी ही गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला तेव्हा कोल्हापूर दरबारच्या सामान्य प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. परंतु शाहू महाराज केवळ हुकूम काढून थांबले नाहीत. जागा राखून ठेवली आणि त्या जागेवर बसण्याइतके शिक्षण मात्र कुणाला दिले नाही, तर हुकूम कागदावरच राहतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला.

म्हैसुरात १९१८ मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सरकारी नोकऱ्यांत एकाच वर्गाचे जे प्राबल्य होते त्यावर उपाय सुचविणे हे तिचे काम. तिचा अहवाल १९१९ मध्ये आला व १९२१ मध्ये संस्थानाने त्यावर हुकूम काढला. दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना मात्र हे धोरण पसंत नव्हते. नेमणुकीत गुणवत्ता हीच कसोटी असावी, असे त्यांचे मत. १९१८ मध्ये ते दिवाणपदावरून दूर झाले, त्यामागे हा मतभेद होता. विश्वेश्वरय्यांसारख्या कर्तबगार आणि निःस्पृह माणसाचा आक्षेप असा सहज झटकून टाकता येत नाही. तो प्रश्न पुढे स्वतंत्रपणे घेऊ.

३. राज्यघटनेने काय सांगितले

१९५० च्या राज्यघटनेने कलम १४ मध्ये कायद्यापुढे समानता दिली, आणि कलम १६ मध्ये सरकारी नोकरीत समान संधी. धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान किंवा निवासस्थान एवढ्याच कारणावरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, असे कलम १६ (२) म्हणते. त्याच कलमाचा चौथा भाग मागासवर्गांसाठी जागा राखण्याची मुभा देतो. काहींना यात विसंगती वाटते. मला ती वाटत नाही. शर्यतीत सर्वांना एकाच वेळी शिटी ऐकू येणे ही समता खरी. पण काहींच्या पायांत पिढ्यान्‌पिढ्या बेड्या असतील तर आधी त्या काढणे हाही समतेचाच भाग होय.

आपल्या भागातील वाचकाला या यादीत एक गोष्ट चटकन जाणवेल : कलम १६ (२) मध्ये भाषेचा उल्लेख नाही. यामागे पहिला प्रश्न उभाच आहे. टपाल कचेरीत, दवाखान्यात, बसस्थानकात लोकांशी बोलावयाचे असेल तर लोकांची भाषा येणे ही खरोखरच कामाची गरज आहे. परंतु भाषा येणे ही कामाची गरज असू शकते. जन्मभाषा कोणती ही कामाची गरज असू शकत नाही. शिवाय भाषा शिकता येते. ज्या काउंटरवर कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारे लोक बसलेले असतात तेथे खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बाईचे काम एका खेपेत होते. विविधतेचा फायदा म्हणतात तो हाच. त्यासाठी मोठ्या सिद्धांताची जरुरी नाही.

४. तीन खटले आणि एक निकाल

स्त्रियांच्या बाबतीत 'कामाची कारणे' कशी सांगितली जात, हे पाहण्यासाठी न्यायालयांचे निकाल वाचावेत.

कोडगूच्या सी. बी. मुथम्मा या भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. त्या सेवेच्या १९६१ च्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे. आणि लग्नानंतर संसाराच्या जबाबदाऱ्यांमुळे तिच्या कामात अडथळा येईल असे सरकारला वाटले तर तिला राजीनामा द्यावयास लावता येत असे. पुरुष अधिकाऱ्याला असा नियम नव्हता. बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी साधा प्रश्न विचारला : संसार स्त्रीलाच असतो काय? संसारामुळे कामात अडथळा येत असेल तर तो पुरुषालाही येईल. नियम मग एकालाच का?

दुसरा खटला १९८१ चा, एअर इंडियाच्या हवाई सुंदरी नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पस्तिसावे वर्ष, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न, किंवा पहिले गरोदरपण, यांपैकी जे आधी येईल तेव्हा नोकरी संपे. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली आणि मुदत वाढवून देण्याचा व्यवस्थापकीय संचालकांचा मनमानी अधिकारही रद्द केला. परंतु चार वर्षांत लग्न न करण्याची अट न्यायालयाने कायम ठेवली, आणि पुरुष पर्सरांचा संवर्ग वेगळा म्हणून त्यांच्याशी तुलनाही नाकारली. निकाल न्यायालयाचा असला तरी 'संवर्ग वेगळा' हे कारण विद्यार्थ्यांनी पहिल्या प्रश्नावर स्वतः घासून पाहावे. निकालाचा अभ्यास करणे म्हणजे तो पाठ करणे नव्हे.

तिसरा खटला १९८७ चा. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर होत्या. स्त्री स्टेनोग्राफरांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार मिळे, काम मात्र त्याच प्रकारचे. कंपनीने सांगितले की कामगार संघटनेशी झालेल्या करारानेच ही वेतनश्रेणी ठरली आहे, शिवाय समान पगार देण्याची आमची ऐपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कारणे फेटाळली. १९७६ च्या समान वेतन कायद्यापुढे मालकाच्या ऐपतीचा मुद्दा चालत नाही, असे ठरले. (हा कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावून घेण्यात आला.) साळखात्याप्रमाणे येथेही संघटनेची सही विषमतेवर होती, हे ध्यानात घ्या.

आणि हा निकाल २०२० चा. लष्करातील स्त्री अधिकाऱ्यांना हुकमतीच्या जागा का देऊ नयेत याचे एक कारण सरकारतर्फे असे देण्यात आले की जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, स्त्रीची हुकमत स्वीकारण्याची त्यांच्या मनाची तयारी नसते. न्यायालयाने ते मानले नाही. 'बाकीच्यांना चालणार नाही' हे कारण गिरणीतल्या धोट्यापासून लष्कराच्या छावणीपर्यंत कसे जसेच्या तसे चालत आले, पाहा.

हे केवळ निकालपत्रांत आहे असे समजू नका. माझ्या विद्यार्थिनी आजही मुलाखतीहून परत येतात आणि सांगतात, "सर, हिशेबाचा एकच प्रश्न विचारला, लग्नाचे चार विचारले." त्याच दिवशी त्याच टेबलासमोर बसलेल्या मुलांना लग्नाचा एकही प्रश्न विचारलेला नसतो.

५. गुणवत्तेचा प्रश्न

आता विश्वेश्वरय्यांच्या आक्षेपाकडे वळू. गुणवत्ता पाहू नये असे कुणीच शहाणा मनुष्य म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की आज गुणवत्ता खरोखर पाहिली जाते काय?

सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५ पासून एक प्रयोग केला व २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना उत्तर म्हणून त्यांनी खासगी कंपन्यांकडे एकूण ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण आणि अनुभव सारखाच. फरक फक्त नावात. काही नावे उच्चवर्णीय हिंदूंची, काही दलितांची, काही मुसलमानांची. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याचा संभव साधारण दोन-तृतीयांश, तर मुसलमान नावाला एक-तृतीयांश निघाला. अर्जदाराचे तोंडही न पाहता, केवळ आडनावावरून! ज्याने हा अर्ज बाजूला टाकला त्याने गुणवत्ता मोजलीच नाही. त्याने ती वाया घालविली.

दुसऱ्या बाजूने, राखीव जागांमुळे कामाचा दर्जा घसरतो या समजुतीचीही परीक्षा झाली आहे. अश्विनी देशपांडे आणि टॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ या काळातील आकडेवारी तपासली. राखीव जागांवरील कर्मचाऱ्यांमुळे उत्पादकता कमी झाल्याचा कोणताही पुरावा त्यांना सापडला नाही. वरच्या श्रेणींत तर काहीसा अनुकूल परिणाम दिसला. ज्या रेल्वेत १९३८ साली अस्पृश्याला पोर्टर होता येत नव्हते, त्या रेल्वेची ही हकीकत आहे.

६. संरक्षण की अडसर, आणि खर्चाचा प्रश्न

काही वेळा विषमता दयेचा वेष घेऊन येते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ ने स्त्रियांना रात्रपाळीची मनाई केली होती. हेतू रक्षणाचा, परिणाम असा की रात्रपाळीची नोकरी, तिचा भत्ता आणि पुढची बढती हे सारे पुरुषांकडे. २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे बंधन घटनाबाह्य ठरविले, आणि पुढे २०२० च्या संहितेत स्त्रीची संमती व सुरक्षेची व्यवस्था या अटींवर रात्रपाळी मान्य झाली. रस्ता सुरक्षित नसेल तर दिवा लावावा, गाडी द्यावी. बाईला घरी बसवू नये. हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचाच अर्थ.

तिसरा प्रश्न, म्हणजे खर्चाचा, खरोखर अवघड आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आवश्यक ठरविले. कायदा चांगला. पण कामगार विमा योजनेबाहेर या रजेच्या पगाराचा बोजा एकट्या मालकावर पडतो, आणि मग छोटा मालक तरुण स्त्रीला नेमण्याचेच टाळतो. येथे मालकाला नुसते दोष देऊन भागणार नाही. मूल ही साऱ्या समाजाची ठेव असेल तर तिचा खर्चही समाजाने वाटून घेतला पाहिजे. आणि बापाला रजाच नसेल तर 'रजा घेणारा नोकर' म्हणजे बाई हे समीकरण कायमच राहील.

७. आत आल्यानंतर

दार उघडले म्हणजे समता आली असे नाही. आत बसावयास जागा आणि वागणुकीत मान हवा. राजस्थानात सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या एका साथिनीवर, तिने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्यामुळे, १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला. काम सरकारचे, पण ते करताना तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती. त्यातून 'विशाखा' खटला उभा राहिला, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला हवी, निम्म्या तरी सभासद स्त्रिया हव्यात आणि एक सभासद बाहेरचा हवा. २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी ही व्यवस्था महाविद्यालयांनाही लागू आहे. नोकरीला लागल्यावर हजेरीपटावर सही करता तशी या समितीच्या सभासदांची नावेही पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

अपंगांच्या बाबतीत दुसरा प्रश्न तर कायद्यानेच लिहून ठेवला आहे. १९९५ च्या कायद्यात सरकारी नोकरीत ३ टक्के जागा होत्या. २०१६ च्या कायद्याने त्या किमान ४ टक्के केल्या आणि अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अपंग व्यक्तीला काम करता यावे यासाठी आवश्यक ते वाजवी फेरफार करणे, हे कर्तव्य मानले. जिन्याऐवजी उतार, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारा संगणक, परीक्षेत लेखनिक. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला. परीक्षा ज्ञानाची होती, हाताची नव्हती.

८. आपल्या वाट्याचे काम

मित्रहो, या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असे विचाराल तर मी म्हणेन, फार जवळचा आहे. वर्गप्रतिनिधी निवडताना, स्नेहसंमेलनाची कामे वाटताना, प्रयोगशाळेत जोड्या पाडताना आपण छोट्या प्रमाणावर नेमणुकाच करीत असतो. सजावट मुलींकडे आणि हिशेब मुलांकडे. खुर्च्या उचलावयाला वसतिगृहातली मुले आणि पाहुण्यांचे स्वागत करावयाला शहरातली. अशा वाटण्या कुणी हुकूम काढून करीत नाही, त्या आपोआप होतात. साळखात्याचे दारही असेच आपोआप बंद झाले होते.

तेव्हा सवय आजपासून लावा. "या कामाला अमुक चालणार नाही" असे वाक्य कानावर आले की शांतपणे विचारा : हे कारण कामाचे आहे काय? असल्यास ते बदलता येईल काय? आणि बदलत नसल्यास त्याची किंमत कोण मोजतो आहे? हे विचारण्यास पद लागत नाही, पदवीही लागत नाही. आणि ज्या दिवशी मुलाखत घेणाऱ्याची खुर्ची तुमच्याकडे येईल, त्या दिवशी समोर बसलेल्या मुलीला हिशेबाचे चार प्रश्न विचारा.